पानपिंपरी, पिपरीन आणि द्रावकांचा इतिहास

अकोल्याहून अकोटमार्गे अंजनगाव सुर्जीकडे निघाले की सातपुड्याच्या पायथ्याशी अधूनमधून पानमळे दिसतात. कपाशी-तुरीच्या मोकळ्या शिवारात हे मळे वेगळे उठून दिसतात, कारण ते सगळे सावलीत असतात. बारी समाजाच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही शेती. विड्याच्या पानाच्या वेलीबरोबर इथे तिची एक भावकीतली वेलही लावतात. तिला इकडे पानपिंपरी म्हणतात. बाजारात तीच पिंपळी किंवा लेंडी पिंपळी या नावाने मिळते. हिरवी कणसे तोडून उन्हात वाळवली की काळपट, खरखरीत, करंगळीच्या पेराएवढे तुकडे होतात. एखादा तुकडा दाताखाली चावून पाहावा. आधी काहीच वाटत नाही, मग हळूहळू तिखटपणा चढतो आणि बराच वेळ जिभेवर रेंगाळतो.

हा तिखटपणा ज्या पदार्थाचा, त्याचे नाव पिपरीन. काळ्या मिरीतही तोच असतो. हा एकच पदार्थ वनस्पतीतून वेगळा काढण्यासाठी गेल्या दोनशे वर्षांत माणसाने काय काय वापरले, हे आम्ही पाहू लागलो, तेव्हा औषधनिर्मितीतल्या द्रावकांचा जवळजवळ सगळा इतिहास त्यात आला. आपण सातवी-आठवीत द्राव्य, द्रावक आणि द्रावण शिकवतो आणि मीठ-पाण्याचे उदाहरण देऊन पुढे जातो. द्रावकाचे पुढे काय होते, हा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत आणि आपणही काढत नाही. कारखान्यांनीसुद्धा तो फार उशिरा काढला.

सुरुवात काही आकड्यांनी करू. एक ग्रॅम पिपरीन विरघळवायला साधे पाणी घेतले तर सुमारे २५ लिटर लागते. इथर घेतले तर ३६ मिलिलिटर, अल्कोहोल घेतले तर १५ मिलिलिटर आणि क्लोरोफॉर्म घेतले तर अवघे १.७ मिलिलिटर. हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहून ठेवावेत. पुढची बरीचशी गोष्ट त्यांत आहे.

घरगुती आणि वैद्यकी उपयोगात पिंपळीचा नुसता काढा क्वचितच दिसतो. ती दुधात उकळतात, मध-तुपाबरोबर चाटवतात, किंवा आंबवून तिचे आसव करतात. पिप्पल्यासव आजही औषधी दुकानात मिळते. दुधात स्निग्धांश असतो आणि आसवात आंबवण्याने तयार झालेले अल्कोहोल, म्हणजे पिपरीनला मानवणारे काहीतरी दोन्हींत आहे. चौसष्ट प्रहरी पिंपळीत तर विरघळवण्याच्या भानगडीतच कोणी पडत नाही. पिंपळी खलात चौसष्ट प्रहर, म्हणजे सलग आठ दिवस, घोटत राहायची. ‘आपल्या पूर्वजांना सारे रसायनशास्त्र ठाऊक होते’ असे यावरून म्हणायची घाई करू नये. ज्या रीतीने गुण येतो ती रीत टिकली, एवढेच यातून सिद्ध होते. शिवाय यातल्या कुठल्याही कृतीत शुद्ध पिपरीन हाती लागत नाही, आणि ते कोणाला हवेही नव्हते.

शुद्ध पदार्थ हवा, ही ओढ एकोणिसाव्या शतकातली. १८१७ ते १८२० या तीन-चार वर्षांत पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हांतू यांनी कुचल्यातून स्ट्रिक्निन आणि सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले. त्याच सुमारास, १८१९ साली, कोपनहेगनला हान्स क्रिश्चन ओर्स्टेड याने मिरीतून पिपरीन काढले. नाव ओळखीचे वाटले ना? विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे १८२० साली दाखवणारा तोच हा ओर्स्टेड. दहावीच्या पुस्तकात आपण त्याला भौतिकशास्त्रात बसवतो. प्रत्यक्षात त्याचे शिक्षण औषधनिर्माणशास्त्राचे, बापाचा धंदा औषधविक्रीचा. अशा घरात अल्कोहोल हाताशी असायचेच. वनस्पती वाटायची, अल्कोहोलात भिजवायची, गाळायची आणि अल्कोहोल उडवून लावायचे, हा त्या काळातला राजमार्ग होता.

वर्गात हे सहज करून दाखवता येते. मिरीची भरड पूड दोन परीक्षानळ्यांत घ्यावी. एकीत पाणी, दुसरीत सर्जिकल स्पिरिट घालून दिवसभर झाकून ठेवावे, मग गाळावे. (जवळपास ज्योत नको आणि चवही घ्यायची नाही.) स्पिरिटच्या पिवळसर अर्कात थेंब थेंब पाणी टाकले की तो दुधाळ होतो. अल्कोहोलात राहिलेले तेल, राळ आणि पिपरीन पाणी वाढताच बाहेर पडू लागते. हे दुधाळपण लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा येणार आहे.

अल्कोहोलाची अडचण अशी की ते फार उदार आहे. पिपरीनबरोबर राळ, रंगद्रव्ये, शर्करा असे बरेच काही उचलून आणते. म्हणून रसायनशास्त्रज्ञ अधिक निवडक द्रावकांकडे वळले. इथर होतेच. १८२५ साली फॅरडेने बेंझीन शोधले, आणि पुढे दगडी कोळशाच्या डांबरातून ते मुबलक मिळू लागले. डांबरातून शुद्ध बेंझीन काढण्याची रीत बसवणारा तरुण म्हणजे चार्ल्स मॅन्सफील्ड. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नमुने तयार करताना त्याचे ऊर्ध्वपातनाचे भांडे उतू जाऊन पेटले. जळते भांडे बाहेर नेताना तो भाजला आणि काही दिवसांतच वारला. वय होते ३५. इथर आणि बेंझीनच्या आगी ही त्या काळातल्या कारखान्यांची रोजची धास्ती होती. ‘सुरक्षित द्रावक’ म्हणजे न पेटणारा द्रावक, एवढाच अर्थ तेव्हा कोणाच्याही डोक्यात येई.

१८७९ साली फ्रान्झ फॉन सॉक्सलेटने दुधातला स्निग्धांश मोजण्यासाठी एक काचेचे उपकरण बनवले. द्रावक खाली उकळतो, वाफ वर जाऊन थंड होते, नमुन्यावर ठिबकते आणि अर्क घेऊन पुन्हा खाली येते. तेच थोडेसे द्रावक दिवसभर फिरत राहते. कमी द्रावकात जास्त काम, ही युक्ती त्यात आधीच आहे. कारखान्यातल्या मोठ्या निष्कर्षण-यंत्रांनी याच तत्त्वाचा अवलंब केला. फरक एवढाच की काचेतून गळती दिसते, लोखंडी टाकीच्या सांध्यातून जाणारी वाफ दिसत नाही.

मग क्लोरीनयुक्त द्रावक आले: क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड, ट्रायक्लोरोएथिलीन, डायक्लोरोमिथेन. ते भरपूर विरघळवतात, लवकर उडतात आणि पेट घेत नाहीत. कार्बन टेट्राक्लोराइड तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पितळी हातपंपाच्या अग्निशामकांतच भरत असत. मॅन्सफील्डला ज्याने मारले, त्या धोक्यावर हा उतारा होता, आणि तो खरोखरच लागू पडला. पण जे पेटत नाही ते श्वासातून आत जातच होते. यकृतावर आणि मूत्रपिंडांवर त्याचा परिणाम होतो हे कळायला, आणि कळल्यावर मान्य व्हायला, काही दशके गेली. बेंझीनचे तसेच झाले. त्याने रक्ताचा कर्करोग होतो हे निश्चित होईपर्यंत कित्येक कामगारांच्या पिढ्या त्यात हात धुऊन गेल्या होत्या.

बेंझीन नको म्हणून हेक्झेन आले. आपल्याकडे सरकी-सोयाबीनच्या पेंडीतले उरलेले तेल काढायला हाच द्रावक वापरतात. विदर्भातल्या वाचकांना ‘सॉल्व्हंट प्लांट’ हा शब्द याच कारखान्यांमुळे परिचित आहे. जपानमध्ये १९६० च्या दशकात सपाता बनवणाऱ्या कामगारांच्या हातापायांतली शक्ती जाऊ लागली. शोध घेतला तेव्हा कारण निघाले चिकटद्रव्यातले हेक्झेन. प्रत्येक नवा द्रावक मागच्याची एक खोड काढत आला आणि येताना आपली एक खोड घेऊन आला. ती ध्यानात येई ती बहुधा कामगाराच्या शरीरावरून.

इथे कोणीही विचारेल की साधे अल्कोहोल का सोडले? ते मळीपासून मिळते आणि महाराष्ट्रात मळीला तोटा नाही. त्याच्या ‘उदारपणा’बद्दल वर सांगितले, पण ते एकच कारण नव्हते. पिण्याजोगे अल्कोहोल कारखान्यात आणायचे तर अबकारी परवाना, कुलूपबंद कोठार आणि थेंबाथेंबाची नोंद आली. अल्कोहोलयुक्त औषधांवरच्या करासाठी १९५५ साली केंद्राने स्वतंत्र कायदाच केला होता. डायक्लोरोएथेन पिऊन कोणी झिंगत नाही, म्हणून त्याच्या पिंपावर पहारा नव्हता. आमच्या मते द्रावकांच्या इतिहासात या कुलपाला रसायनशास्त्राइतकेच स्थान द्यायला हवे. पाठ्यपुस्तकांत ते येत नाही.

एव्हाना पिपरीनकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. १९७९ साली जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतले डॉ. सी. के. अटल यांनी एक जुनी गोष्ट नव्या प्रश्नाने तपासली. आयुर्वेदातल्या इतक्या योगांत सुंठ, मिरी आणि पिंपळी ही त्रिकटू का असते? त्यातले पिपरीन दुसऱ्या औषधाचे शरीरातले शोषण वाढवते आणि यकृतात होणारा त्याचा नाश मंदावते, असे पुढे दिसून आले. या कामातूनच २००९ साली क्षयावरची एक गोळी निघाली. जम्मूची तीच संस्था आणि कॅडिला फार्मास्युटिकल्स यांनी ती मिळून केली होती. नेहमीच्या ४५० मिलिग्रॅम रिफाम्पिसिनऐवजी तीत २०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन होते, ३०० मिलिग्रॅम आयसोनायझिड होते आणि जोडीला १० मिलिग्रॅम पिपरीन.

मसाल्याचा अर्क औषधात गेला की त्याला औषधाचे नियम लागतात. औषधांतल्या उरलेल्या द्रावकांसाठी १९९७ साली आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरल्या. डायक्लोरोएथेन दशलक्ष भागांत ५ भाग, बेंझीन २ भाग, हेक्झेन २९० भाग. अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, एथिल अ‍ॅसिटेट यांना मात्र ५,००० भागांपर्यंत मोकळीक. मसाल्यांचे तैलराळयुक्त अर्क काढायलाही डायक्लोरोएथेन वापरत आले आहेत. त्या अर्कांसाठी अमेरिकेच्या खाद्यनियमांत त्याची मर्यादा ३० भाग होती. मसाल्याचा अर्क अन्नात चिमूटभरच पडतो हे खरे. तरी एकच पदार्थ, एकच द्रावक आणि मर्यादेत सहापट फरक, हे पाहून आम्ही थोडे थबकलो.

या मर्यादा रुग्णासाठी आहेत. गोळीत न उरलेला द्रावक कुठे गेला, हे त्या विचारत नाहीत. तो प्रश्न नेदरलँड्समधले रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली एका सोप्या भागाकारात मांडला: एक किलो माल करताना किती किलो कचरा झाला? तेलशुद्धीकरणात हा आकडा ०.१ च्याही खाली. मोठ्या प्रमाणावरच्या साध्या रसायनांत एकपासून पाचपर्यंत. औषधांत २५ पासून १०० पर्यंत किंवा त्याहूनही अधिक! सर्वांत घाणेरडा समजला जाणारा उद्योग या हिशेबात सर्वांत स्वच्छ निघाला, आणि पांढरा डगला घालणारा सर्वांत मागे. औषधाच्या कारखान्यात पाणी सोडून जे जे वापरले जाते, त्याच्या वजनात ८० ते ९० टक्के वाटा द्रावकांचा असतो, असे पुढे एका मोठ्या कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतःच मोजून सांगितले. समीकरणात आपण त्याला बाणाच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहितो.

१९९८ साली अनास्टास आणि वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यातले पाचवे द्रावकांबद्दल आहे. तत्त्व सांगणे सोपे असते. प्रत्यक्षातले एक उदाहरण पाहू. नैराश्यावरचे सर्ट्रालिन हे औषध फायझर कंपनी डायक्लोरोमिथेन, टेट्राहायड्रोफ्युरॉन, टोल्युईन आणि हेक्झेन अशा चार द्रावकांच्या मदतीने बनवत असे. नव्या पद्धतीत तीन पायऱ्या एकत्र करून त्या साध्या इथाइल अल्कोहोलमध्ये उरकल्या. एक टन औषधामागे सुमारे २ लाख २७ हजार लिटर द्रावक लागत होता, तो २३ हजार लिटरच्या आसपास आला. या कामाला २००२ साली अमेरिकेतला हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला. यातली खुबी शिक्षकांनी जरूर समजून घ्यावी. अभिक्रियेत तयार होणारा मधला पदार्थ अल्कोहोलात फारसा विरघळत नाही. तो साका होऊन बाहेर पडत राहतो, त्यामुळे समतोल पुढे सरकत राहतो. हेच ढकलण्याचे काम आधी टायटॅनियम टेट्राक्लोराइडकडून करून घ्यावे लागे आणि त्याचा शेकडो टन गाळ निघे. अल्कोहोल इथे उपयोगी पडले ते ‘वाईट’ द्रावक असल्यामुळे!

फळ्यावरच्या आकड्यांकडे आता पुन्हा पाहू. १.७ मिलिलिटरवाला क्लोरोफॉर्म वरकरणी सर्वांत उत्तम. पण त्यात गेलेले पिपरीन बाहेर काढायला सगळा क्लोरोफॉर्म उडवावा लागतो. विरघळवणे हा अर्धाच व्यवहार आहे.

बाहेर काढायला सर्वांत सोपा द्रावक म्हणजे नुसता झाकण उघडताच निघून जाणारा. जर्मनीत मुलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत कुर्ट झोझेल यांनी १९६० च्या दशकात असा द्रावक हाताळला: कार्बन डायऑक्साइड. ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७३ वातावरणे दाब यांच्या पलीकडे तो धड वायू नसतो, धड द्रवही नसतो. वायूसारखा सगळीकडे शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. कॉफीतले कॅफीन आधी क्लोरीनयुक्त द्रावकांनी काढत, ते झोझेल यांच्या पद्धतीने काढता येऊ लागले. या अतिक्रांतिक अवस्थेचे उदाहरण अकोल्यात वेगळे शोधायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा व्हरांड्यात टांगलेल्या अग्निशामक नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड याच अवस्थेत असतो. हिवाळ्यात त्याच नळकांड्यात तळाला द्रव आणि वर वायू असतो. पहिल्या अग्निशामकातला द्रावक यकृत खात होता. हा दुसरा निरुपद्रवी निघाला. मात्र मिरी-पिंपळीतले सुगंधी तेल त्यात चटकन उतरते, पिपरीन नाखुषीने. दाब बराच वाढवावा लागतो, जाड पोलादी भांडी लागतात. अंजनगावच्या एखाद्या सहकारी संस्थेला परवडेल असे ते यंत्र नव्हे.

राहिले पाणी, यादीतले २५ लिटरवाले. १९१६ साली बर्लिनमध्ये कार्ल नॉयबर्ग यांना दिसले की सोडियम बेंझोएटसारखे काही क्षार पाण्यात भरपूर घातले, तर एरवी न विरघळणारे पदार्थ त्या पाण्यात विरघळतात. याला त्यांनी हायड्रोट्रोपी असे नाव दिले. या क्षारांच्या रेणूचे एक टोक पाण्याच्या ओढीचे आणि दुसरे तेलाच्या ओढीचे असते. साबणाचेही तसेच, पण साबणाची शेपटी लांब, यांची आखूड. त्यामुळे यांचे काम दाट द्रावणातच चालते. भांडी घासायच्या द्रव साबणातही असे क्षार घालतात.

माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे १९३३ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात (२००८ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे), प्रा. विलास गायकर आणि जी. रामन यांनी ही युक्ती मिरीवर वापरली. त्यांचा निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. अशा क्षारांच्या दाट द्रावणात मिरीची पूड ढवळली की क्षार पेशींची पटले सैल करून आत शिरतात आणि पिपरीन पाण्यात उतरते. मग गाळायचे आणि वरून साधे पाणी ओतायचे. द्रावण पातळ झाले की क्षाराची पकड सुटते आणि पिपरीन खाली बसते. त्यांना सुमारे ९० टक्के शुद्ध पिपरीन मिळाले, त्यात राळ जवळजवळ नव्हती. आपल्या परीक्षानळीतला दुधाळपणा तो हाच, फक्त स्पिरिटशिवाय. पुढे त्याच विभागातून हळदीतल्या कुर्कुमिनवरही असेच काम झाले.

मग सगळे पिपरीन असेच का काढत नाहीत? पातळ झालेले क्षाराचे पाणी पुन्हा वापरायचे तर ते आटवावे लागते, आणि पाणी आटवायला अल्कोहोलापेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. न आटवता सोडून द्यावे, तर ते खारे पाणी कुठे सोडणार? पूर्णेच्या दोन्ही काठांवरचा खारपाणपट्टा अकोला-अमरावतीकरांना सांगायला नको. विहीर आहे पण पाणी तोंडात धरवत नाही, अशी गावेच्या गावे तिथे आहेत. कागदावर ‘द्रावक: पाणी’ असे लिहिले की प्रक्रिया हिरवी झाली, हे निदान त्या भागातल्या शिक्षकाला तरी पटणार नाही. क्षार पाण्यापासून पडद्यांनी गाळून वेगळा करता आला, तर हिशेब बदलेल. आज तरी वाळलेली पानपिंपरी पोत्यांतूनच बाहेरगावी जाते.

आता आमच्याच घरातले. अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात आयोडाइड ओळखायला क्लोरीनचे पाणी आणि कार्बन टेट्राक्लोराइड घालून नळी हलवत असू. तळाशी सुंदर जांभळा थर यायचा, ब्रोमाइड असेल तर नारिंगी. मुले खूश, आम्हीही खूश. तास संपला की चाळीस नळ्या मोरीत उपड्या. मोरीचे पाणी कुठे जाते हे आम्ही कधी पाहिले नाही. ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या माँट्रियल कराराखाली भारताने २०१० पासून या द्रावकाचा असा वापर थांबवला. आयोडाइडची परीक्षा आम्ही आता स्टार्चच्या पाण्याने घेतो, निळा रंग तितकाच छान येतो. ब्रोमाइडला स्टार्च दाद देत नाही. तिथे अर्धा मिलिलिटर हेक्झेन घेतो आणि वापरलेला थर एका बाटलीत साठवतो. त्या बाटलीशेजारी कपाटात आणखी एक जुनी बाटली आहे, तळाशी चार बोटे कार्बन टेट्राक्लोराइड असलेली. ती मोरीत ओतायची नाही हे ठरले आहे. कोणाकडे द्यायची ते अजून ठरलेले नाही.